पालाबाबांचा हिरवा पेला

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पालाबाबा एकेकीचा हात उंच धरून दाखवत होते. महिन्यापूर्वी काळानिळा, आज स्वच्छ! रक्तातली काजळी हिरवं पान पिऊन टाकतं म्हणे. काजळी पिणारं पान कुठल्या झाडाला लागतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि साक्ष द्यायला माइक धरून कोण उभे, तर तीस वर्षं विज्ञान शिकवलेले मास्तर!

मास्तरांच्या बायकोच्या हृदयात कृत्रिम झडप होती. त्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागे, आणि त्यामुळे जरा कुठे हात आपटला की काळानिळा डाग उठे. शेजाऱ्यांना हे कोण सांगणार? जिन्यात कुजबुज चाले. जन्मात बायकोवर हात न उगारलेला माणूस खाली मान घालून जिना उतरे. बाबांच्या पाल्याच्या रसाचा पेला रोज सुरू झाला आणि तीन आठवड्यांत डाग गायब. मास्तरांना इतकं हायसं वाटलं, की दर महिन्याची रक्ततपासणीही त्यांनी टाळली. बायको म्हणत होती, जाऊन येऊ. सुई टोचली की पुन्हा डाग उठेल, असं सांगून त्यांनीच तिला गप्प केलं.

साक्षीनंतर चौथ्या दिवशी सकाळी तिच्या हातून कप निसटला. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना.

डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल पाहून पहिलं हेच विचारलं, की खाण्यापिण्यात नवीन काय? मास्तरांनी चाचरत पेल्याचं सांगितलं.

"हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं," त्या म्हणाल्या. "गोळी नेमकं तेच अडवते. पालेभाजी रोज साधारण सारखी खाल्ली, तर आम्ही गोळी तिच्याशी जुळवतो. तुम्ही एकदम पेलेच्या पेले ओतलेत. डाग गेले, कारण गोळीचा असर गेला. झडपेवर गाठ धरली, तिचा तुकडा मेंदूत गेला."

तुम्ही तर विज्ञान शिकवायचात, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सभेत बाबांनी हसत हसत त्यांच्या हाती माइक दिला. मास्तरांनी डॉक्टरबाईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. डाग दाखवायला बाबा नेमके रक्त पातळ करणारी गोळी घेणारेच हेरून बोलावतात, हे हात दाखवलेल्या बायकांकडूनच कळलं होतं, तेही सांगितलं. तुमची श्रद्धा कमी पडली, असं म्हणत बाबांनी माइक ओढला. मास्तरांनी सोडला नाही.

"तपासणी मी टाळली, बाबांनी नाही. लोक मला बायकोला मारणारा समजत होते. तिच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. माझं ऐकून कुणी कुणी पेला घेतला?"

चाळीसेक हात वर झाले. मास्तरांना ते बघवेनात.

"गोळ्या चालू असतील तर आजच डॉक्टरांना विचारा, की मी हे खातो, हे पितो, चालेल का? गोळी मनाने बंद करू नका, पेला मनाने सुरू करू नका. विचारायला लाजू नका. मी विचारलं नाही. काल तिला मला हाक मारायची होती. तिला जमलं नाही."