माळवदावरचं लुगडं

"डोंगरावरून घराकडं बघत बसू नको बाई. दिसतं समदं, हात पोचत न्हाई."

नातवाला मांडीवर घेत केशरबाई म्हणाल्या, तेव्हा सत्यभामा चुन्याच्या पिशवीचं तोंड बांधत होती. तिनं गाठ आवळली आणि सासूचं बोलणं कानाआड टाकलं. उलट, रात्री समजावलेलं सगळं तिनं पुन्हा एकदा समजावलं. बाळ खेळतं असलं तर माळवदावरच्या दोरीवर तिचं हळदी पातळ राहू द्यायचं. काही कमीजास्त झालं तर तांबडं लुगडं वाळत घालायचं. ती असेल तिथून माघारी फिरेल.

केशरबाई "बरं" म्हणाल्या. त्या सगळ्यालाच "बरं" म्हणत.

गावामागचे चार माथे दूध संस्थेनं पावसाळ्यापासून चराईला बंद ठेवले होते. पाऊस नावालाच झाला, पण जनावराचं तोंड लागलं नाही म्हणून वर गवत उभं होतं. आता खाली विहिरींनी तळ दाखवला होता आणि कडबा सरत आला होता. कुणी कुठं कापायचं, त्याच्या खुणा दगडांवर चुन्यानं करायच्या होत्या. चेअरमन अर्जुनरावांबरोबर सचिव म्हणून सत्यभामानं ते काम मागून घेतलं होतं. अंबाजोगाईला कॉलेजात असताना ती सुट्टी मिळाली की डोंगर धुंडाळायची. लग्न झालं, मूल झालं, आणि डोंगर फक्त खालून बघायचा उरला. पण बाळाची हगवण आत्ता कुठं थांबली होती.

म्हसोबाच्या टेकावर पोचल्या पोचल्या तिनं मागं वळून पाहिलं. पत्त्यांएवढी घरं, आणि त्यांत हळदीचं एक बोट. ती हसली. खाली उतरून बोरीच्या माथ्यावर चढताना दम लागला, पण तो जुन्या ओळखीचा दम होता. पिकलेलं गवत गुडघ्याला घासत होतं, वाऱ्याला उन्हाचा वास होता. वरून पुन्हा हळदी.

"सूनबाई, गवत म्होरं हाय," अर्जुनराव म्हणाले. "तुमी मागंच कावून बघायलात?"

तिसरा माथा घोडपाठीचा. तिथं खोपी घालून भिमाबाई राहायची. संस्थेनं तिला गवताच्या राखणीला ठेवलं होतं. म्हातारीनं दोघांना सावलीत बसवलं, भाकरीवर ठेचा दिला आणि गवतात घुसलेली एका पुढाऱ्याची म्हैस आपण कशी पळवून लावली, ते रंगवून सांगितलं. अर्जुनरावांना हसता हसता ठसका लागला. हसतच सत्यभामा कड्याशी गेली.

दोरीवर तांबडं होतं.

हातातली भाकरी तशीच दगडावर ठेवून ती उताराला लागली. पिशवी नाही, चप्पल नाही. भिमाबाईनं मागून येऊन तिचा पदर धरला.

"कुठं निघालीस?"

"बाळ..." तिनं खाली बोट दाखवलं.

भिमाबाईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि पदर सोडला.

"आगं, ते मला हाय. टँकर आलाय. रोज दुपारी टँकर आला की केशर दोरीवर तांबडं घालती, मग मी घागर घेऊन उतरते. तुला ठाव न्हाई?"

सत्यभामाला ठाऊक नव्हतं. दुपारी ती डेअरीत असायची. खाली वारा उठला, तांबडं उडालं, आणि त्याच्या मागं हळदी दिसलं. ते जागचं हललंच नव्हतं. ती चढून पुन्हा भाकरी ठेवलेल्या दगडाशी आली.

भिमाबाईनं खोपीतून नवऱ्याचं जुनं धोतर आणलं, काळ्या खडकावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. बघितलं, येते, असा त्याचा अर्थ.

"मागं मला ताप भरला व्हता. धोतर पसराया उठवंना. दिवस मावळायच्या आत केशर वर आली, अनवाणी. रातभर उशाशी बसून एकच बोलली. दिसतं समदं, हात पोचत न्हाई."

सत्यभामानं भाकरी उचलली, फुंकर मारली आणि संपवली.

निशाणीच्या डोंगरावर, शेवटच्या माथ्यावर, तिनं शेवटच्या दगडाला चुना लावला आणि मागं वळली. ती घराकडं बघत नव्हती. घोडपाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्याकडं बघत होती.

घरी बाळ केशरबाईंच्या पायांवर निजलं होतं.

"बघितलंसच ना?" त्यांनी विचारलं.

"भिमाबाई उतरल्या होत्या का, आत्या?"

केशरबाईंनी कोपऱ्यात पडलेल्या, घागरीखाली घ्यायच्या चुंबळीकडं मान केली. "घागर डोक्यावर दिली, चुंबळ इसरली. लई इसराया लागलीय."

केशरबाईंच्या डोळ्यांना आता लांबचं दिसत नाही आणि सत्यभामाला भर दुपारी डेअरी सोडवत नाही. म्हणून केजच्या एस.टी.त चढणाऱ्या प्रत्येकाला ती एक काम सांगते, तुम्हालाही तेच. परत येताना गावामागचा तिसरा माथा दिसला, की खिडकीतून जरा वाकून बघा. दुपार असेल आणि काळ्या खडकावर पांढरं दिसलं नाही, तर गाडी थांबवा आणि डेअरीत येऊन सांगा.