दुसऱ्या धड्याचा स्वाध्याय

दरवर्षी असंच व्हायचं. प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणाऱ्या पहिल्या वर्गात सुरुवातीला बसायला बाक पुरायचे नाहीत आणि परीक्षा जवळ आली की उरलेल्यांना ऐसपैस पाय पसरून बसता यायचं. याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, निदान शिक्षकांच्या खोलीत तरी. हल्लीच्या लोकांना कष्ट नकोत! चहाबरोबर एवढं बोलून झालं की मंडळी समाधानाने आपापल्या तासाला जात.

हा वर्ग ज्या सरांकडे होता ते तसे भले गृहस्थ. तास बुडवायचे नाहीत, कुणावर ओरडायचे नाहीत. यंदा पुढच्या सत्रासाठी पाठ्यपुस्तक नव्याने निवडायचं ठरलं आणि ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. मग आपल्यापैकी पुष्कळजण जे करतात तेच त्यांनी केलं. आलेली पुस्तकं हातात धरून वजन जोखलं, अनुक्रमणिका पाहिली आणि थेट शेवटचं प्रकरण उघडलं. ज्याचं शेवटचं प्रकरण सगळ्यांत अवघड, ते पुस्तक सगळ्यांत भारी. या हिशेबाने सध्या चालू असलेलं जुनं, जाडजूड पुस्तकच पुन्हा पहिलं आलं. सोमवारच्या बैठकीत तेच सांगायचं, असं सरांनी ठरवून टाकलं.

शनिवारी संस्थेच्या कार्यालयातल्या टंकलेखक बाई त्यांच्याकडे आल्या. टाइपिंगचं काम आता फारसं उरलं नव्हतं. हा वर्ग पास झालात तर संगणक विभागात जागा देऊ, नाहीतर वर्षअखेरीस नोकरी संपली, असं संस्थेने त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. घरात मिळवत्या त्या एकट्याच.

"सर, माझं नाव वर्गातून कमी करा," असं म्हणत बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"का हो? काय झालं?"

"दुसऱ्या धड्याच्या स्वाध्यायावरच अडकलेय. रोज बसते आणि रोज तिथेच थांबते. बाकीची पोरं फटाफट करून आणतात. जाऊ दे सर, माझं डोकंच नाही त्यातलं."

"सराव करा, येईल," सर म्हणाले. हे वाक्य ते दरवर्षी कुणाला ना कुणाला ऐकवत. बाईंनी मान हलवली, पुस्तक पुन्हा उचललं आणि गेल्या. सरांना मात्र दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

रविवारी ताई आली. सरांची ही थोरली बहीण, पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात केस पांढरे झालेली. अशी शिक्षिका दुसऱ्याच्या घरीही शिक्षिकाच असते. टेबलावर पसरलेली पुस्तकं दिसताच तिने चष्मा लावला. सरांनी बाईंची हकिगत सांगितली.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ताई म्हणाली. "पण त्या अडल्या तो स्वाध्याय दाखव बघू."

स्वाध्याय असा होता: वर्गात कितीही मुले असली तरी त्यांचे गुण घेऊन चढत्या क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहा.

"सोपाय गं. पाच मिनिटांचं काम."

"मग कर. पण पहिल्या दोन धड्यांत जेवढं शिकवलंय तेवढंच वापरायचं. मी पुस्तक धरून बसते."

सरांनी हसत कागद ओढला. दोन ओळी झाल्या. तिसरी लिहिताच ताईचं बोट तिच्यावर येऊन टेकलं.

"हे काय?"

"लूप. एकच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचं असलं की लागतं."

ताईने पानं उलटली. "हे चौथ्या धड्यात आलंय. खोड."

सरांनी खोडलं आणि दुसऱ्या वाटेने निघाले.

"आणि हे?"

"यादी. सगळे गुण एकत्र ठेवायला."

"सहाव्या धड्यात. खोड."

सरांचं हसू मावळलं. त्यांनी कागद उलटा केला, नव्याने सुरुवात केली, पुन्हा खोडलं. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"होत नाही!"

"तुला येत नाही?"

"अगं, कुणालाच येणार नाही! दोन धड्यांच्या जिवावर हे होणारच नाही! इतकी वर्षं मला दिसलं कसं नाही?"

"कारण तुला येत होतं," ताई म्हणाली. "आणि ती फटाफट करून आणणारी पोरं?"

सरांनी खोडाखोडीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "त्यांच्या घरी आधीपासून संगणक आहेत. बरीचशी आधीच कुठेतरी शिकून आलेली असतात."

"म्हणजे ज्याला येतं त्यालाच तू शाबासकी देतोस, आणि ज्याला शिकायचंय त्याला घरी पाठवतोस. अरे, 'ळ' शिकवल्याशिवाय मी फळ्यावर 'कमळ' लिहीत नाही. लिहिलं आणि पोराला वाचता आलं नाही, तर मठ्ठ कोण? ते का मी?"

सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. किती जणांना आपण 'सराव करा' म्हणून वाटेला लावलं! त्या सगळ्यांनी आपलं डोकंच नाही असं मानलं असेल, आणि आयुष्यभर तेच मनात घेऊन वावरले असतील. सरांना मनापासून लाज वाटली.

सोमवारी बैठकीत त्यांनी एक बारीक पुस्तक पुढे केलं. त्यातला प्रत्येक स्वाध्याय त्यांनी आदल्या दिवशी ताईच्या नियमाने सोडवून पाहिला होता.

"एवढंसं पुस्तक?" विभागप्रमुख म्हणाले. "लोक म्हणतील, दर्जा घसरला."

"साहेब, अवघड भाग आपण शिकवूच. पण तिथवर पोचायला माणसं तर उरली पाहिजेत! जुन्या पुस्तकातला दुसऱ्या धड्याचा स्वाध्याय आपण सगळेच सोडवून पाहू. दोनच धडे वापरायचे."

सगळ्यांनी कागद घेतले. थोड्या वेळाने खोलीत खोडल्याचाच आवाज येऊ लागला. विभागप्रमुखांनी जुनं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं, बहुधा प्रथमच.

"बरं," ते पुस्तक मिटत म्हणाले. "या सत्रात तुमच्या बारीक पुस्तकातले स्वाध्याय चालवा. पुस्तकाचं मग ठरवू."

सरांनी बाईंना स्वतः जाऊन सांगितलं, "चूक तुमची नव्हती. प्रश्नच चुकीच्या जागी होता. माझं लक्ष गेलं नाही, माफ करा." नवे स्वाध्याय साधे होते. लिहिलेला प्रोग्रॅम काय दाखवील ते चालवण्याआधी सांगा. एक ओळ बदला आणि काय बिघडतं ते पाहा. बाई पुन्हा वर्गात बसू लागल्या.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत सर बाईंच्या मागे येऊन थांबले. मिनिटं दिली की तास आणि मिनिटं दाखवणारा प्रोग्रॅम बाईंनी लिहिला होता. उत्तर साफ चुकीचं आलं होतं. सरांचा हात सवयीने पडद्याकडे गेला.

"थांबा सर, सांगू नका!" बाई मागे न बघताच म्हणाल्या. "कुठे चुकलंय ते मला कळलंय!"

सर हात मागे घेऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत वर्गात इतका आनंद त्यांना झाला नव्हता. सत्राच्या शेवटी बाई पास झाल्या आणि नव्या विभागात रुजूही झाल्या.

वाचकहो, आपण सगळेच कुणाला तरी काहीतरी शिकवत असतो, घरात मुलांना, कामावर नव्या माणसाला. समोरचा अडला की त्याच्या डोक्यावर खापर फोडणं फार सोपं असतं. यापुढे तसं करण्याआधी, आपण त्याला जेवढं शिकवलंय तेवढ्यावरच आपला प्रश्न एकदा स्वतः सोडवून पाहू या. आपल्याला सुटला, तरच त्याला विचारू या!