टाच बाहेर

दीपमालानं तो रबरी ड्रेस दोन बोटांत धरून उचलला, त्याचं लोंबतं पोट उलटंसुलटं पाहिलं आणि परत बाजेवर टाकून दिला. शेजारी बंटी दुसऱ्या ड्रेसात आधीच शिरला होता. पाठीला लावलेला छोटा पंखा घरघरत होता आणि त्या काडीपैलवानाचं पोट, मांड्या, ढुंगण टम्म फुगत चाललं होतं.

"हा तुह्यासाठी आणला," बंटीचे काका वामनराव म्हणाले. "नागपूरहून, भाड्यानं. लोक हसले पाह्यजे बेटा, साल कसं गेलं पाह्यलं ना तू."

साल कसं गेलं ते वामनरावांनी सांगायची गरज नव्हती. कापूस मातीमोल झाला होता. सरकारी पाहणीच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या, कुणाच्या घरी कोण मेलं ते विचारत होत्या आणि धुरळा उडवत परत जात होत्या. अशा सालात दिग्रसच्या व्यापाऱ्यांना कापूस महोत्सव भरवायची हौस आली, आणि तो भरला वामनरावांच्या अर्ध्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात. पत्रिकेवर दीपमालाचं नाव होतं, खाली 'राष्ट्रीय विजेती सुमो पैलवान'. त्या शब्दांसाठी ती आली होती. शिवाय वामनरावांनी कबूल केलं होतं, की खेळ करून दाखव, मागचं रिकामं गोडाऊन तुझ्या पोरींच्या तालमीला देतो. ती सुमो शिकवायची त्या पोरी शाळेमागच्या मुरमाड पडीत तालीम करत होत्या. गुडघे सोलून घरी गेल्या की दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया त्यांना पाठवत नव्हत्या.

"मी तर पह्यलेच जाडी आहो काकाजी," दीपमाला म्हणाली. "मले वरून अजून कायले फुगवता?"

बंटी हसला. वामनरावही हसले. ती हसली नाही.

जाडी म्हणून घ्यायची तिला सवय होती. शाळेत तिचं नावच 'गाठ' पडलं होतं, कापसाची गाठ. आई मथुराबाई याच जिनिंगात कापूस वाहायची आणि सुटीत दीपमाला इथेच माणसांच्या बरोबरीनं गाठी ढकलायची. यवतमाळला गोळाफेकीच्या मैदानावर ज्युदोच्या एका सरांनी तिला पाहिलं आणि विचारलं, सुमो खेळतेस का? सुमो नावाची जीपगाडी असते, एवढंच तिला ठाऊक होतं. तिच्या आईला तेवढंच ठाऊक होतं. त्यामुळे पहिलं सुवर्णपदक मिळाल्याचा फोन आला, तेव्हा मथुराबाईनं मोहल्लाभर सांगितलं, पोरीनं सुमो जिंकली. निळे झेंडे, हार, ताशे घेऊन माणसं स्टँडवर हजर. दीपमाला लाल डब्यातून उतरली, तर धर्मपालमामा तिच्या पाठीमागे बघत उभे. म्हणाले, गाडी मागून येऊन राह्यली काय?

त्यानंतर आणखी पदकं झाली. फोटो झाले, शाली झाल्या. नोकरी झाली नाही.

तिनं कमरेचा जाड पट्टा आवळला आणि रबरी ड्रेस तिथेच सोडून बाहेर आली.

आवार माणसांनी भरलं होतं. कुणीतरी ओरडलं, सुमो आली रे, किती सवाऱ्या बसते? दुसऱ्यानं विचारलं, टपावर जागा आहे काय? पुढच्या ओळीत जिनिंगच्या बाया बसल्या होत्या. त्यांत मथुराबाई, पदराचं टोक दातात धरून.

मातीत जाड दोरखंडाचं गोल रिंगण होतं. बंटी त्यात उड्या मारत शिरला, पोट वाजवलं, आपटला, लोळला, उठून पुन्हा आपटला. लोक पोट धरून हसले. दीपमाला खांबासारखी उभी राहिली. हसू जरा ओसरल्यावर तिनं माईक मागितला नाही, घेतला.

"नियम सांगतो," ती म्हणाली. "दोराबाहेर पाय गेला, तो हरला. तळपायाबिगर अंगाचं काहीबी मातीले लागलं, तो हरला. बंटीभाऊले मी हात नाही लावला, तरी तो दोन खेप हरला. आता खरं खेळाले कोण येते?"

बाप्ये एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. बाईकडून पडलो तर गावात तोंड कुठे दाखवायचं, हा हिशेब प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. मग बायांच्या ओळीतून हंसाबाई उठली. तांड्यावरची, मथुराबाईच्या जोडीनं कापूस वाहणारी, दाराच्या चौकटीएवढी रुंद बाई. तिनं चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि विचारलं, कुठं उभं राहू?

"खालती वाक. दोन्ही मुठी मातीले टेकव," दीपमाला म्हणाली. "अन् हळू नको येऊ मावशी. मीबी नाही येत."

हंसाबाई हळू आली नाही. गाठीला द्यावा तसा खांदा तिनं दीपमालाच्या छातीत दिला. लोक अजून हसत होते. हसता हसता गप्प झाले. दोघींच्या पायांखालची माती फाटत गेली. दीपमाला एक पाऊल मागे सरकली, आणखी एक सरकली. टाचेला दोराचा खरखरीत पीळ लागला आणि मग त्याच्या पलीकडची गार, न तुडवलेली माती. क्षणभरच. पुढच्या क्षणी ती कमरेत वळली, हंसाबाईचा जोर तिच्याच अंगावर फिरवला आणि हंसाबाई रिंगणाबाहेर जाऊन पडली.

आवार दणाणलं. बंटीच्या ड्रेसातली हवा गेली होती, तसाच लोंबत तो माईकवर चॅम्पियन, चॅम्पियन ओरडू लागला. वामनराव हार घेऊन रिंगणाकडे आले.

दीपमालानं हार हातानं अडवला आणि बंटीपुढचा माईक आपल्याकडे ओढला.

"थांबा. त्याच्या आंधी माही टाच बाहेर गेलती. मी हरली."

टाळ्या विस्कटल्या. कुणाला काही कळेना. वामनरावांनी पंजानं माईक झाकला आणि तिच्या कानाशी आले.

"कोणं पाह्यलं?"

"मले समजलं ना."

"येडी आहे का तू? माह्या जिनिंगातल्या मजूर बाईकडून हारणारीले गोडाऊन देऊ मी? काय म्हणतीन लोक?"

दीपमालानं त्यांच्याकडे पाहिलं. काकाजी हा शब्द जिभेवर आला होता, तो तिनं गिळला.

"नका देऊ, वामनराव. आमी इथंच खेळून राह्यलो."

वामनरावांनी माईक बंद करायला सांगितला. तो बंद झाला. कार्यक्रम संपला, असं ते मोठ्यानं म्हणाले, दोनदा म्हणाले. कुणी उठलं नाही.

हंसाबाईनं कोपराची माती झटकली आणि दोर ओलांडून आत आली.

"पह्यली कुस्ती तू आपल्या तोंडानं देल्ली," ती म्हणाली. "दुसरी मी घेतो."

दोघी समोरासमोर वाकल्या. मुठी मातीला टेकल्या. तेवढ्यात मथुराबाई उठली. तोंडातला पदर तिनं कमरेला खोचला, झटापटीत वाकडा झालेला दोर ओढत ओढत गोल केला आणि ओढता ओढता वामनरावांच्या बुटापाशी येऊन थांबली. या आवारात तिनं आजवर मान वर करून कुणाशी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"टाचा आता मी पाह्यतो," ती म्हणाली. "मालक, दोरावरून पाय काढा."