‘उत्तर एकच’ म्हणणारा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे. जपानमधल्या कानाझावा शहरातल्या एका कारागिराने दोन दिवस खपून मला पिवळसर, कठीण लाकडातून कोरले. माझ्या तोंडावर ‘उत्तर एकच’ एवढीच अक्षरे आहेत आणि तीही उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. मित्रांनो, वस्तू कोणाचा राग धरत नाहीत असे तुम्हाला वाटत असेल. मी मात्र तीन वर्षे दोन माणसांच्या रागात काढली आहेत.

मी चित्रकोड्यांच्या मासिकाचा शिक्का होतो. चौकटींचा कागद असतो, प्रत्येक ओळीच्या आणि स्तंभाच्या कडेला आकडे असतात. ‘३ १’ लिहिले असेल तर सलग तीन चौकटी काळ्या, मग मोकळी जागा, मग एक काळी. सगळे आकडे जुळले की कागदावर कासव किंवा किटली उभी राहते.

मुनाकाता हात्सुए बाई ही कोडी तपासत. पूर्वी त्या नकाशे तपासण्याचे काम करायच्या. प्रत्येक कोडे त्या दोनदा सोडवायच्या, एकदा वरून आणि एकदा खालून. दुसरे उत्तर निघत नाही अशी खात्री पटली की मगच मला लाल शाईत बुडवत. “शिक्का पाहिला की निर्धास्तपणे पेन्सिल उचलतो,” असे वाचक पत्रांत लिहीत. ती पत्रे वाचताना बाई मला हातात धरून असत. तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

मग इवाबुची तोकुजी आले. चाळीस वर्षे त्यांनी किमोनोंवर घराण्यांची चिन्हे रंगवली होती. आता ती कोणी रंगवून घेईना, म्हणून ते त्याच चिन्हांची कोडी करून मासिकाकडे पाठवू लागले. पंखा, पाने, चाके, सगळे डावीउजवीकडून सारखे. कोडे कसे सोडवायचे तेही त्यांनी लिहून पाठवले होते: डावी बाजू सोडवा, उजवीकडे तशीच उतरवा.

बाईंनी कागद परत धाडला. वर लिहिले, ‘हा तर्क नाही. ही आळशाची युक्ती आहे.’

दुसऱ्याच दिवशी इवाबुची कचेरीत हजर झाले. समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही.

“आकडे डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखेच येतात ना?”

“येतात.”

“मग उत्तर आरशात धरलं तरी आकड्यांना ते चालणार. आणि उत्तर एकच असेल, तर आरशातलं आणि हे एकच. म्हणजे चित्र दोन्हीकडून सारखं. यात तर्क नाही तर काय आहे?”

“‘एकच असेल तर’. हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्या शिक्क्यानं.”

“शिक्का मी शेवटी मारते, इवाबुचीसान. त्याच्या आधी कोणीतरी मान मोडून काम केलेलं असतं. तुम्ही त्या कामावर आयते बसता.”

“वाचकानं शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर तो मारता कशाला? शोभेला?”

“निघा तुम्ही.”

तेव्हापासून वैर जडले. बाई त्यांची कोडी न उघडता परत पाठवत. ते दर महिन्याला बोचरे पत्र लिहीत. नगरसभागृहात वर्षातून एकदा स्पर्धा होई. इवाबुची दोनदा पहिले आले आणि दोन्हीदा बाईंनी त्यांचा कागद बाद केला. “अर्धा कागद यांनी पाहिलाच नाही,” असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षी बाईंनी स्पर्धेचे कोडे स्वतः केले. घुबड, वीस स्तंभांचे. अंग दोन्हीकडून सारखे, फक्त एक कान वर आणि एक किंचित खाली. कोणताही कान वर घेतला तरी आकडे जुळत होते. उत्तरे दोन होती, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला उचलले, शाईत बुडवले आणि कागदावर दाबले. तो माझा पहिला खोटा ठसा.

स्पर्धेला साठ माणसे आली होती. सगळ्यांच्या पेन्सिली चालत होत्या. इवाबुचींनी मात्र एकही चौकट काळी केली नाही. थोड्या वेळाने ते उभे राहिले.

“मुनाकातासान, हा शिक्का खोटा आहे.”

“सुटत नसेल तर खाली बसा.”

“सोडवायचं काय त्यात? आकडे दोन्हीकडून सारखे. उत्तर एकच असतं तर चित्रही दोन्हीकडून सारखं झालं असतं. वीस स्तंभ आहेत, म्हणजे मधला स्तंभ नाहीच. प्रत्येक ओळीत काळ्या चौकटी जोडीनं यायला हव्यात. आणि वरच्या ओळीत तुम्ही एकच दिलीय. ती एकटी कुठं बसवू, तुमच्या डोक्यावर?”

कोणी हसले नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने आपला कागद वर धरला. तिच्या घुबडाचा डावा कान वर होता. शेजाऱ्याच्या घुबडाचा उजवा.

मुनाकाता बाईंची बोटे माझ्याभोवती घट्ट झाली. “उत्तरं दोन आहेत,” त्या म्हणाल्या. “मला माहीत होतं.”

“मग शिक्का का मारलात?”

“शिक्क्यावर विसंबणारा कसा फसतो, ते तुम्हाला दाखवायला.”

“मी नाही फसलो. बाकीचे फसले. आता सांगा, हा तर्क धरायचा की नाही?”

बाईंनी मला टेबलावर ठेवले. “धरते,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण तुम्ही मला आवडत नाही.”

“माझंही तेच आहे,” इवाबुची म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

पुढच्या अंकात बाईंनी आपली चूक सही करून छापली आणि काम सोडले. जाताना त्यांनी चाकूने माझ्या तोंडावर आडवी खाच पाडली, म्हणजे मला पुन्हा कोणी वापरू नये. मला दुखले, पण तक्रार नाही. त्या दोघांनी नंतर रस्त्यातही एकमेकांपुढे मान लववली नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती शिक्का येईल किंवा सही करायची वेळ येईल. एखाद्याशी पटत नसेल तर खुशाल भांडा, हवे तर जन्मभर तोंड फिरवा. पण ठसा खरा उमटवा. त्या दिवशी माझ्यावर भरवसा ठेवून साठ माणसे माना खाली घालून बसली होती. त्यांतल्या एकोणसाठ जणांशी बाईंचे काहीच भांडण नव्हते.