चमच्याचा टणत्कार

इंग्रजी भाषेचा अंत आता कोणीही रोखू शकत नाही, असं सासऱ्यांनी सकाळी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या एका गालावर दाढीचा साबण तसाच होता आणि दुसऱ्या गालावरचा बनियनवर ओघळत होता. झालं होतं एवढंच, की शेजाऱ्याने फाटकावर ‘ड्राइव्ह स्लो’ अशी पाटी लावली होती. ‘स्लोली’ हवं होतं.

सुनेने कपाळाला हात लावला. ती नर्स. परवा मोठ्या इस्पितळात तिची इंग्रजीतून तोंडी परीक्षा होती. परीक्षक पेशंट होऊन पडणार, हिने विचारपूस करायची. पास झाली तर तिथे दिवसपाळीची नोकरी आणि रात्रपाळीच्या कटकटीतून कायमची सुटका. शिकवणी सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. ते पेशंट होऊन सोफ्यावर आडवे व्हायचे आणि विशेषण-क्रियाविशेषणाचा घोळ झाला की चमचा ग्लासवर आपटायचे. टण्‌!

म्हणून तिने दिसेल त्या शब्दाला ‘ली’ चिकटवायला सुरुवात केली. ‘फील बॅडली’ म्हणाली, तर आणखी जोरात टण्‌. ‘फील’पुढे म्हणे विशेषणच लागतं. ‘वर्क हार्ड’मधलं ‘हार्ड’ मात्र क्रियाविशेषण, आणि ‘हार्डली’ म्हटलंस तर काम केलंच नाहीस. नवऱ्याने मध्ये पडून ‘टेक इट ईझी’ म्हटलं, तर त्यातलं ‘ईझी’ कोण लागतं, यावर सगळ्यांची जेवणं थंड झाली. या सगळ्यात पेशंटला दुखतंय कुठे, इथवर ती एकदाही पोचली नव्हती.

परीक्षेत तिने पहिलं वाक्य टाकलं आणि सवयीने थांबली. टण्‌ झालं नाही. ती थांबूनच राहिली. शेवटी अवघडून पेशंटच बोलू लागला. पुढचं वाक्य, पुन्हा तेच. परीक्षकांनी ठरलेलं पोटाचं दुखणं सांगितलं, मग न विचारता झोपेचं, मग गुडघ्याचं. गुडघा तर त्यांचा स्वतःचा होता.

“पेशंटला इतकं बोलू देणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” उठता उठता ते म्हणाले. “दिवसपाळीला कधी येताय?”

घरी सासऱ्यांची छाती फुगली. शेवटी चमचाच कामी आला, आता गल्लीतल्या झाडून सगळ्यांना शिकवतो, असा बेत त्यांनी मांडला. खरं काय झालं ते सुनेच्या अगदी ओठांवर आलं. मग ध्यानात आलं, की त्यांचं म्हणणं तसं खोटं नाही, आणि त्यानेच ती जास्त वैतागली.

“बाबा,” ती म्हणाली, “तो चमचा द्या इकडे. चहातली साखर ढवळायचीय.”