चैत्रातला नाताळ

पास्टर आमोस स्टुलावर चढून चर्चच्या दारावर नाताळचा तारा बांधत होते. त्यांची बायको मिना स्टूल धरून खाली उभी होती. चैत्राचं ऊन नुसतं भाजून काढत होतं.

"लोकं हसून राहिले," मिना म्हणाली. "एप्रिलात नाताळ कुणी करतं का?"

"मंडळी नसल्यावर नाताळ कुणासंग करू? भिंतीसंग?"

औंढ्याजवळच्या या तांड्यावर चौदा वर्षं असंच चाललं होतं. दिवाळी झाली की पास्टरांची मंडळी, चालतीफिरती बत्तीसच्या बत्तीस माणसं, सांगलीकडं ऊस तोडायला जायची आणि कारखाना बंद झाला की परतायची. मधले पाच महिने उपासनेला पास्टर, मिना आणि दोन म्हाताऱ्या. त्यात यंदा एक काटा सलत होता. संक्रांतीला उसाच्या फडावरून नानीबाईचा फोन आला होता, "काळजी करू नका, पास्टर. आमची रोज प्रार्थना व्हतीय." रोज! कोण घेतं? नानीबाईला तर अक्षरओळखही नाही. फडावर दुसरा कुणी पास्टर येत असणार, चांगला तरणाताठा, मोटारसायकलवाला. मंडळी त्याचीच होऊन बसली तर? तीन महिने पास्टरांनी हेच चघळलं, पण फोनवर विचारायची काही छाती झाली नाही.

फाट्यावर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला.

"आले! मिना, आले गं!"

पास्टरांनी स्टुलावरून उडीच टाकली. साठीचा माणूस, पायात चप्पल नाही, हातात तारा तसाच, आणि धावतोय!

"अहो, गुडघा!" मिना मागून ओरडली, पण ऐकतो कोण.

"ए सेवा! पूजा! नानीबाई, उतरा की!"

ट्रॅक्टर लिंबाखाली थांबला. इंजिन बंद झालं. ट्रॉलीतून मात्र एकही माणूस उतरेना.

पास्टर तसेच ट्रॉलीपाशी गेले. चाकाला धरून ते टाचा उंचावून आत बघू लागले. भांडी, गोधड्या, कोंबड्या यांच्या दाटीत सगळे डोळे मिटून बसले होते आणि मधोमध नानीबाई प्रार्थना करत होती. तिच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीत. पास्टरांनी ती बोली कधी शिकून घेतली नव्हती. उपासना मराठीतच, हा त्यांचा नियम होता. म्हणजे दुसरा पास्टर कुणी नव्हताच! त्यांना हसू फुटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. आपल्यावाचून यांचं काहीच अडलं नाही.

तेवढ्यात त्या न कळणाऱ्या शब्दांत 'आमोस' ऐकू आलं.

आमेन झालं आणि मग काय, एकच गलका! लेकरं, डेचक्या, गोधड्या धडाधड खाली. "सलाम, पास्टर! सलाम!" हात हलवून हलवून पास्टरांचा खांदा दुखायला लागला. त्या गर्दीत त्यांनी नानीबाईच्या नवऱ्याला, प्रेमदासला, दंडाला धरून बाजूला ओढलं.

"का रे, नानीबाई माझं नाव घेऊन काय म्हणाली?"

"रोजचंच म्हणाली."

"रोजचं म्हंजे काय?"

प्रेमदासनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं.

"आमी बत्तीस जण एका जागी हाव, आमचं बरं हाय. आमचा पास्टर तिकडं एकटा पडला, देवा. त्याला करमू दे."

पास्टरांनी हातातल्या ताऱ्यावरची धूळ सदऱ्यानं पुसली. बराच वेळ पुसली. मग नानीबाईसमोर जाऊन त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"हा तूच बांध. आन आजची प्रार्थनाबी तूच घे."

नानीबाई गडबडली. "मराठीत?"

"न्हाई," पास्टर म्हणाले. "रोजची."