मोरचुदाचा डाग

मी विजेवर चालणारी एक छोटी मोटार बोलतेय. बोलतेय म्हणजे मी चालू आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या घरात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं, त्या घरातल्या मोठ्या माणसांना ते कधीच कळलं नाही.

माझा जन्म बंगळूरकडच्या एका कारखान्यात झाला. दोन दारं, पुढे दोन माणसं, मागे दोन लहान मुलं किंवा एक अवघडलेला मोठा माणूस. सांगाडा लोखंडाचा, अंग प्लॅस्टिकचं, पुढच्या सीटखाली बॅटऱ्या. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. स्टेअरिंगजवळ एक गोल खटका, तो फिरवला की पुढे, मागे किंवा मधे मोकळी. घरातल्या मिक्सरला याहून जास्त खटके असतात. तरी मला बघायला येणारा प्रत्येक जाणता पुरुष विचारायचा, "इंजिन कुठंय?" नाही म्हणून सांगितलं की तो खाली वाकून स्वतः बघायचा.

दोन हजार तीन साली मला नाशकात आणलं ते दातांच्या एका डॉक्टरांनी. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यासमोर मला उभी केली, फोटो काढले, एका पेपरात छापून आणले. फोटो छापून झाल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. पुढे भारनियमन वाढलं, रोज काही तास वीज जायला लागली, तेव्हा ते मला दोष देऊ लागले. वीज जाते तर तीही माझीच चूक.

मग मला प्रतिभाने घेतलं.

प्रतिभा तेव्हा चोवीस वर्षांची होती. केमिस्ट्रीत एम.एस्सी. होऊन एका प्रयोगशाळेत कामाला लागली होती. द्राक्षं परदेशी जाण्याआधी त्यांत फवारणीच्या औषधांचा किती अंश उरलाय, हे तिथे तपासायचे. बागांमधून नमुने गोळा करून आणणं हे तिचं काम. एस.टी.ने दिवसाकाठी एक बाग व्हायची, माझ्यामुळे तीन होऊ लागल्या. तिने मला स्वतःच्या पगारातून घेतलं आणि घेताना कुणालाही विचारलं नाही. मोठ्यांच्या पोटात दुखलं ते एवढ्याचसाठी.

मोठे म्हणजे सावळीराम आबा, तिचे थोरले चुलते. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग. प्रतिभाचे वडील जयराम नाशकात मास्तर होते, घरात त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पण अण्णांच्या घरात भिंतीला कुठला रंग द्यायचा, हेसुद्धा आबा ठरवायचे. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबांनी माझ्या बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाले, "प्लॅस्टिक! जयराम, पोरीनं बादली आणली रे, चाकाची."

आबांना वाहनांतलं सगळं कळतं, असं आबांचं मत होतं. त्यांच्याकडे एक जीप होती. तिची बॅटरी कायम उतरलेली असायची. रोज सकाळी चार माणसांनी ती ढकलायची, जरा वेग आला की आबांनी गिअर टाकायचा, मग ती खोकत, धूर ओकत सुरू व्हायची. तीस वर्षं ह्यालाच ते गाडी चालवणं म्हणत आले. नवी बॅटरी आणावी, असं तीस वर्षांत त्यांना एकदाही वाटलं नाही. ढकलायला माणसं होती ना.

ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. एका रविवारी प्रतिभा मातीचे नमुने घ्यायला मळ्यात आली. मला शेडमध्ये चार्जिंगला लावलं, किल्ली घरातल्या खिळ्याला अडकवली आणि पिशवी घेऊन लांबच्या प्लॉटमध्ये गेली. त्या घरात सगळ्या किल्ल्या एकाच खिळ्याला असायच्या आणि खिळ्यावरचं सगळं आबांचं असायचं.

दुपारी दोन व्यापारी बाग बघायला आले. मला बघून हसले. बादलीचा विनोद आबांनी स्वतः केला तर चालायचा, दुसऱ्याने त्यांच्या दारातल्या वस्तूला हसावं हे त्यांना खपलं नाही. ते म्हणाले, थांबा, फिरवून दाखवतो. किल्ली घेतली, प्लग उपटला, दार उघडून आत कसेबसे मावले आणि किल्ली फिरवली.

मी चालू झाले. डॅशबोर्डवर दिवा लागला. आबांनी कान लावला. आवाज नाही. किल्ली बंद केली, परत फिरवली, असं पाच वेळा. पायाने पेडल दाबून पाहिलं, पण खटका मधे होता, मग मी जाणार कुठे?

"बॅटरी उतरली," त्यांनी जाहीर केलं. त्याआधी चार तास मी पोटभर वीज पीत होते. "गेणू, धक्का दे."

गेणू म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर चालवणारा. तो आला. छाटणीला आलेली चतुराबाई काड्यांचा भारा घेऊन चालली होती, तिलाही बोलावलं. तिने काचेतून आत पाहिलं आणि म्हणाली, "आबा, दिवा तं लागलाय. चालू आसंल ती."

आबा म्हणाले, तुला काय कळतं गाडीतलं. तिने भारा खाली ठेवला आणि हात लावला. पांढऱ्या कपड्यांतले दोन्ही व्यापारीही मागे उभे राहिले. चार माणसं मिळून चालू गाडी ढकलत होती. मला हसता येत असतं तर तेव्हाच आवाज झाला असता.

मी घरंगळू लागले. जरा वेग आल्यावर आबांनी जीपच्या सवयीने खटका पुढे फिरवला आणि पाय जोरात दाबला. मग मी मला येतं ते केलं. धावले. मागची चतुराबाई तोंडावर पडली. पुढे ट्रॅक्टरच्या मागे लावायचा फवारणीचा ब्लोअर उभा होता. त्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर माझं तोंड आदळलं आणि डावीकडचा पुढचा भाग, दिव्यापासून खालपर्यंत, फुटला.

आबा उतरले. पहिल्यांदा त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडे. चतुराबाईचा तळहात सोलला होता, तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. उपरण्याने माझं तोंड पुसलं, मला मागे ढकलायला लावून आधी होते तिथे उभी केली, प्लग लावला आणि सगळ्यांना सांगितलं की ह्यातलं पोरीपाशी काही बोलायचं नाही. व्यापाऱ्यांनी मान हलवली, त्यांना द्राक्षं हवी होती. गेणूने मान हलवली. त्याची मान हलवण्यासाठीच होती.

संध्याकाळी प्रतिभा परत आली तर आबा ओट्यावर तयार बसले होते. अण्णाही नाशकाहून आले होते.

"येताना कुठं ठोकलीस गं गाडी?"

"कुठंच नाही."

"मग काय ती आपली आपण जाऊन आपटली?"

प्रतिभाने गेणूकडे पाहिलं, गेणूने ट्रॅक्टरकडे. तिने परत परत सांगितलं की सकाळी गाडी धड होती. अण्णा म्हणाले, "जाऊ दे बाळा, मोठ्यांशी वाद नको." हे अण्णा शाळेत मुलांकडून 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य शंभरदा लिहून घ्यायचे. स्वतःची मुलगी खरं बोलतेय का, एवढं एकदा विचारणं त्यांना जमलं नाही.

निकाल तिथल्या तिथे लागला. गाडी दुरुस्त करून विकायची. तोवर किल्ली अण्णांच्या खिशात राहील. बागाबागांतून हिंडायची नोकरी मुलीच्या जातीला शोभत नाही, तीही सोडायची. पुढच्या रविवारी बसून सगळं पक्कं करू. माझा एक कोपरा काय फुटला, आबांना दोन वर्षांपासून हवी असलेली संधी मिळाली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला म्हसरूळच्या गोरक्षच्या गॅरेजमध्ये नेलं. प्रतिभा सोबत आली. गोरक्षने सवयीने हातोडी घेतली आणि माझ्या पिचक्या गालावर हाणली. हातोडी उडून त्याच्याच कपाळाजवळून गेली. तो थांबला, मला बोटाने दाबून पाहिलं आणि हसला. इतक्या पुरुषांत हा पहिलाच, ज्याने आपल्याला कळत नाही हे कबूल केलं. म्हणाला, "ताई, ही पत्र्याची नाय. हिला टाके घालावे लागतील."

कारखान्यातून नवा भाग यायला दीड महिना लागणार होता. गोरक्षने एक जुनं काळं हेल्मेट आणलं. म्हणाला, त्याचं प्लॅस्टिक माझ्याच जातीचं आहे. त्याचा तुकडा कापून तो सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईने आतून जोडायचा होता. त्यासाठी आधी भेग धुवायची म्हणून त्याने साबणाचं पाणी घेतलं आणि आत बोट घातलं.

"ताई, तुम्ही गाडी फवारणीला नेली व्हती का?"

त्याच्या बोटावर निळसर पांढरी खपली होती. प्रतिभाने ती नखावर घेतली. मोरचूद आणि चुना. द्राक्षबागेत फवारतात तेच मिश्रण. प्रयोगशाळेत ती ते रोज बघायची, आणि ब्लोअरच्या टाकीवर त्याचे थरच्या थर बसलेले असतात हेही तिला ठाऊक होतं. नाशिक–दिंडोरी रस्त्यावर मोरचूद लावलेला खांब नाही, झाड नाही, म्हैसही नाही.

अण्णांनीही पाहिलं. त्यांनाही कळलं. ते बाहेर जाऊन उगाच टायर बघू लागले.

"जोडा," प्रतिभा गोरक्षला म्हणाली. "पण बाहेरून रंग मारू नका, आणि हा डाग पुसू नका."

रविवारी आम्ही मळ्यात गेलो. किल्ली अण्णांकडून मागून तिनेच मला चालवत नेलं, अण्णा शेजारी बसले. ओट्यावर आबा, दोन-तीन म्हातारे भाऊबंद. छाटणीची माणसं जेवायला बसली होती. प्रतिभा ओट्याकडे गेलीच नाही. तिने मला सरळ शेडमध्ये नेलं आणि ब्लोअरच्या टाकीला तोंड लावून उभं केलं. टाकीचा कोपरा माझ्या काळ्या ठिगळात नेमका बसला. मग तिने सगळ्यांना बोलावलं. म्हातारे चपला शोधत आले. तिने नुसतं बोट दाखवलं.

आबांनी पाहिलं. आता तरी हा माणूस बोलेल, असं मला क्षणभर वाटलं. माझीच चूक.

"घरातल्या वडीलधाऱ्यांना खोटं पाडायचं, हे शिकलीस का कॉलेजात?"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कोपरा माझ्या गालात घुसलेला त्यांना दिसत होता, पण त्यांच्या वयाला दिसण्यापेक्षा डोलणं सोपं जातं. प्रतिभाने दाखवलेलं बोट खाली घेतलं नाही. अण्णा जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात मागून, हातातली भाकरी तशीच धरून, चतुराबाई म्हणाली, "मी तवाच म्हणले व्हते आबा. चालू गाडीला कह्याला धक्का मारायचा?"

आबा गरकन वळले. एका मजूर बाईने गाडीच्या बाबतीत त्यांना चुकीचं ठरवावं, हे त्यांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं.

"चालू कुठं होती गं? आवाज होता का तिला? चालू असती तर मी काय येडा हाय का धक्का..."

तिथे ते थांबले. पण वाक्य निघून गेलं होतं. एवढे दिवस सांभाळलेली गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर मांडली, आणि कशासाठी, तर गाडीतलं आपल्याला कळतं हे दाखवण्यासाठी.

प्रतिभा अण्णांसमोर गेली. "अण्णा, किल्ली माझ्याकडेच राहील. नोकरीपण."

अण्णांनी मान हलवली. पण हलवण्याआधी त्यांनी आबांकडे पाहिलं. ते मी विसरलेले नाही.

आबांनी माफी मागितली नाही. "चहा टाका," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. सोमवारी चतुराबाईला निरोप गेला की कामावर येऊ नको. छाटणीच्या दिवसांत मजूर कुठेच मिळत नव्हते. बुधवारी आबा स्वतः जीप घेऊन तिच्या वस्तीवर गेले. ती म्हणाली, जीप ढकलायला लावणार नसाल तर येते. हे तिनेच प्रतिभाला सांगितलं, माझ्या मागच्या सीटवर बसून.

आता दोन हजार नऊ चालू आहे. माझ्या बॅटऱ्या थकल्यात. एका चार्जिंगमध्ये पूर्वीच्या निम्मं अंतरही जात नाही. प्रतिभाने लांबच्या कामासाठी दुसरी गाडी घेतली आहे, मला गावातल्या गावात ठेवलंय. काळं ठिगळ आहे, कडेचा निळा डागही आहे. ती मला धुते तेव्हा तेवढी जागा सोडून धुते. उद्या तुमच्यापैकी कुणी मला विकत घेतलं तर बाकी हवा तो रंग द्या, ती जागा सोडा. आणि मला आवाज नाही म्हणून माझ्याबद्दल काही ठरवण्याआधी दिव्याकडे एकदा बघा. चतुराबाईला तो दिसला होता.

मागच्या महिन्यात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जीप कधीच भंगारात गेली होती, मुलं कामात होती, म्हणून दवाखान्यातून आणायला आम्ही गेलो. एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा. प्रतिभाने त्यांना हात धरून बसवलं, दार लावलं, किल्ली फिरवली. आबांनी सवयीने कान दिला. बराच वेळ दिला.

मग म्हणाले, "प्रतिभा, धक्का द्यायला बोलावू का कुणाला?"

दवाखान्याचं फाटक तेव्हा बरंच मागे राहिलं होतं.